मका माझ्याकडे बघतो

३ नोव्हेंबर २०२४, जळगाव

नोकरीत असताना रोज केस रजिस्टर लिहायचो. मालकाचं नाव, जनावराचा रंग, लक्षण, उपचार. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौतीस वर्षं काढली, जामनेर, धरणगाव, परत जामनेर. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि पेन सुटलं. आज वही घेतली ती मोहिनी मॅडमनी सांगितलं म्हणून.

मोहिनी मॅडम पुण्याच्या. न दिसणाऱ्या माणसांना रस्त्यानं नेणारे कुत्रे कसे तयार करायचे ते शिकवतात. मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ मीच पाहिला आणि मीच फोन केला. वृषाली म्हणाली, "बघा नाना, तुम्हाला वाटत असेल तर." पिल्लू फेब्रुवारीत आणलं. भाजलेल्या कणसाच्या दाण्यासारखा रंग आहे असं मी सांगितलं, म्हणून तिनं नाव ठेवलं मका.

वृषाली माझी धाकटी, सव्वीस वर्षांची. कॉलेजात असताना रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं गेलं, मग समोरचं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. थोरला राजदीप पुण्यात कंपनीत आहे. घरात मी, बायको कलाबाई, वृषाली आणि हा मका.

मका दहा महिन्यांचा आहे. बस, थांब, पुढे, डावा, उजवा, सगळं येतं. आज मॅडम फोनवर म्हणाल्या, "काका, घरातलं शिक्षण संपलं. आता बाजार, बस स्टँड, दवाखाना, बँक. चारचौघांत कुत्रा असून नसल्यासारखा राहिला पाहिजे. रोज काय झालं ते लिहून ठेवा. आणि आजपासून पट्टा फक्त वृषालीच्या हातात."

पहिलं पटलं. पट्ट्याचं थोडं थांबून बघू. मुलीच्या जिवाशी खेळ नको.

६ नोव्हेंबर

भाजीबाजार. पट्टा माझ्या हातात, वृषाली माझ्या कोपराला धरून. मक्यानं एका बकरीकडे ओढ घेतली, दोनदा. तिसऱ्यांदा नाही.

वांगी घ्यायला थांबलो. भिकुबाई म्हणून धरणगावकडची म्हातारी बसते तिथे. तिनं आधी टोपली मागे ओढली. "हाई कुत्रं चावस का हो भाऊ?"

"नही चावस," मी म्हटलं.

मग वृषालीच्या डोळ्यांकडे बघत तिनं मलाच विचारलं, "पोरले दखास नही का?"

मी उत्तर देणार तोच वृषाली बोलली. "माले इचार ना मावशी. माले नही दखास."

म्हातारी हसली. तिनं वृषालीच्या हातात एक वांगं दिलं. "हात लाईसन दख. भरीतनं शे." वृषालीनं चाचपून चार निवडली. त्यातलं एक देठाशी किडकं होतं. मी गुपचूप बदललं.

१० नोव्हेंबर

कापडाचं दुकान. कलाबाईच्या बहिणीच्या मुलीचं लग्न आहे, वृषालीला साडी घ्यायची होती. दारातच नोकरानं हात आडवा केला. "कुत्रा बाहेर बांधा." मी समजावलं. मग मालक गल्ल्यावरून उठून आला. म्हणाला, "आमच्याकडे देवघर आहे, गिऱ्हाईक चप्पल काढून आत येतात. हे चालणार नाही."

मला कुणी उंबऱ्यावर अडवलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझे वडील गावात मेलेली ढोरं ओढायचे. मी जिवंत ढोरांचा उपचार करणारा झालो. रात्री-अपरात्री पाटलाच्या गोठ्यात गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासरू काढायचो, तेव्हा तो हात चालायचा. चहाला कप मात्र वेगळा, खिडकीच्या वरच्या फळीवर पालथा ठेवलेला. मी ते सगळं त्या दुकानदाराला ऐकवलं नाही. दुसरं पुष्कळ ऐकवलं. गर्दी जमली. दोघांनी मोबाइल काढले. मका शांत बसून होता, त्याचं कौतुक कुणी केलं नाही.

रिक्षात वृषाली म्हणाली, "नाना, मला त्या साडीचा पोत बघायचा होता. आई म्हणत होती, रेशमी काठ आहे."

"अशा माणसाकडून घ्यायची?"



१४ नोव्हेंबर

पट्टा अजून माझ्याच हातात आहे हे ऐकून मॅडम फोनवर ओरडल्या. पट्टा आजच्या आज तिला द्या म्हणाल्या. दिला.

घरासमोरच्या गल्लीत वृषाली पट्ट्याच्या मुठीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पुढे." मका हलला नाही. मान वळवून त्यानं माझ्याकडे बघितलं. ती पुन्हा म्हणाली, "पुढे." पुन्हा तेच. तिचा चेहरा उतरला. ओठ आत ओढून घेते ती, लहानपणापासून.

मी त्यांच्या मागे, डाव्या बाजूला उभा होतो. हात खालीच होता. दोन बोटं पुढे हलवली. मी घरी शिकवताना तोंडानं बोलता बोलता बोटंही हलवायचो, ती त्याला पाठ झालीत. मका चालू लागला.

वृषाली हसली. किती दिवसांनी हसली ती. "नाना, ऐकलं त्यानं माझं."

"ऐकलं," मी म्हटलं.

यात वाईट काही नाही. सायकल शिकवताना आपण मागून धरतोच. पोराला वाटतं आपणच चालवतोय. मग एक दिवस सोडून द्यायची.

१९ नोव्हेंबर

मंगळवार. कलाबाई आणि वृषाली महिला मंडळात वाचनाला गेल्या. मागच्या शुक्रवारीही गेल्या होत्या. कलाबाईनं उभ्या आयुष्यात एक पुस्तक पुरं केलं नाही, आता एकदम आवड लागली. मक्याला न्या म्हटलं तर म्हणाली, बायका घाबरतात. दोन तास घर अगदी रिकामं वाटलं. मका आणि मी ओट्यावर बसलो.

२४ नोव्हेंबर

बस स्टँड. बाकाखाली मका बावीस मिनिटं पडून राहिला. मी घड्याळ लावलं होतं. समोरून पाव खात पोरं गेली, एक भटका कुत्रा येऊन हुंगून गेला, उद्घोषणा चालू. हा हलला नाही. पोलिसांच्या कुत्र्यालाही जमणार नाही असं.

वृषाली बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "तो आत्ता कुठे बघतोय?"

"माझ्याकडे," माझ्या तोंडून गेलं.

"हं," ती म्हणाली.

२९ नोव्हेंबर

वृषालीच्या उजव्या तळहाताला फोड आलाय, तर्जनीच्या मुळाशी. मी मलम लावलं. कशानं झालं विचारलं तर म्हणाली, पोळ्या लाटताना. म्हणजे मी घरात नसताना ही गॅसपाशी जाते. कलाबाईला चांगली समज दिली. तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. तिचं हे मुकाट्यानं ऐकणं मला पटत नाही, पण ऐकलं.

६ डिसेंबर

आज महापरिनिर्वाण दिन. सकाळी विहारात गेलो, चौघंही, मक्यासकट. पायऱ्यांशी जितेंद्र भेटला. कमिटीत आहे, माझ्या हाताखाली दवाखान्यात दोन वर्षं शिपाई होता. हात जोडून म्हणाला, "जय भीम नाना. तेवढं कुत्र्याला बाहेर बांधता का? आत लहान पोरं बसलीत, म्हाताऱ्या बायका आहेत. गैरसमज नको."

मी मक्याला बाहेरच्या नळाच्या पाइपाला बांधलं. मान खाली घालून, भांडण न करता.

वृषाली म्हणाली, "मग मी पण इथेच बसते."

"अगं, आजच्या दिवशी तरी."

"त्या दुकानदाराला बोललात तसं इथे का नाही बोललात?"

मी म्हटलं, ही आपली माणसं आहेत. ती म्हणाली, "म्हणूनच विचारलं." आणि पायरीवर बसली. कलाबाई आणि मी आत गेलो. वंदना म्हणताना माझं लक्ष नव्हतं. बाहेर आलो तेव्हा मक्यानं तिच्या पावलावर हनुवटी टेकवली होती आणि ती त्याच्या कानात काहीतरी बोलत होती. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला बघताच तो उठला, शेपूट हलवत माझ्याकडे आला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

२२ डिसेंबर

मोहिनी मॅडमनी व्हिडिओवर परीक्षा घेतली. फोन राजदीपनं धरला, दोन दिवस आलाय. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही खोलीबाहेर जा." गेलो. मका दाराशी येऊन कण्हायला लागला. आतून वृषालीचा आवाज येत होता, "मका, इकडे. मका." सात-आठ वेळा.

मॅडम मला नंतर म्हणाल्या, "पंधरा दिवस त्याला खायला तुम्ही घालायचं नाही. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. त्याला कळू दे तो कुणाचा आहे."

"मॅडम, मी चौतीस वर्षं जनावरं पाहिलीत."

"गाई-म्हशी पाहिल्यात, काका."

राजदीप हसला. मला ते आवडलं नाही.

२५ डिसेंबर

तीन दिवस पाळलं. आज त्यानं सकाळचं खाणं अर्धं टाकलं. वृषाली अंघोळीला गेली होती. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून माझ्या हातानं घातली. चाटूनपुसून खाल्लं. उपाशी जनावर मी बघू शकत नाही.

१८ जानेवारी २०२५

वृषाली बँकेच्या परीक्षेत पास झाली. राखीव जागेतून, पण गुण असे की तशीही लागली असती. नेमणूक धुळ्याला, मे महिन्यात हजर व्हायचं. कलाबाई रडली. राजदीप फोनवर म्हणाला, गल्लीत पेढे वाटा. वाटले.

धुळं. बसनं अडीच तास. तिथे आपलं कोण आहे? मी दुपारी बसून अर्ज लिहिला की अर्जदार दृष्टिहीन आहे, आईवडील वृद्ध आहेत, जळगाव शाखा मिळावी. वृषालीला वाचून दाखवला.

"हा कुणाच्या नावानं लिहिलाय?"

"तुझ्याच. खाली अंगठा... सही कर."

"नाना, मी सांगितलं होतं का?"

आवाज चढवला नाही तिनं. मी अर्ज फाडला. मग मक्याला पूर्ण तयार करायचं, दुसरा इलाज नाही.

११ फेब्रुवारी

मंगळवार, वाचन बुडवून आज धुळ्याला गेलो, शाखा बघायला. पहाटेच्या बसची कंडक्टर बाई चांगली निघाली, पुढची सीट दिली. मका पायाशी. एरंडोलला एक बाई चढली आणि म्हणाली, कुत्र्याशेजारी बसायचं का आम्ही? मी तोंड उघडणार तर वृषालीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "ताई, तो झोपलाय. तुमचा पाय लागला तरी उठणार नाही." बाई बसली. पारोळा येईपर्यंत तीच वृषालीला स्वतःच्या मोतिबिंदूचं सांगत होती.

बँकेच्या दारात गार्डनं अडवलं. आतून मॅनेजर आल्या, भूमिका मॅडम, पस्तिशीच्या असतील. माझ्याकडे न बघता वृषालीशी बोलल्या. "या, आत या. तुमचं टेबल दाखवते." मग मला, "काका, तुम्ही इथे बसलात तरी चालेल."

मी बसलो नाही. खांबाशी उभा राहिलो, जिथून मक्याला माझा हात दिसेल. वृषाली म्हणाली पुढे, मका पुढे. डावा, तर डावा. थांब, तर थांब. रांगेतल्या एका माणसाची पिशवी त्याच्या शेपटीवर पडली, हूं की चूं केलं नाही. भूमिका मॅडम म्हणाल्या, "आमच्या स्टाफपेक्षा शिस्तीचा आहे." सगळे हसले. माझी बोटं घामेजली होती.

परतीच्या बसमध्ये वृषालीनं मक्याचं डोकं मांडीवर घेतलं. बराच वेळ त्याच्या कानामागे खाजवत होती. मग म्हणाली, "नाना, एक सांगू? मला वाटलं नव्हतं हा माझा होईल. मी दुसरी सोय पण बघून ठेवली होती. आता वाटतं, आम्ही दोघं राहू धुळ्यात."

कसली दुसरी सोय, ते मी विचारलं नाही.

आता सोडायला पाहिजे. उद्यापासून बोट हलवायचं नाही.

१५ फेब्रुवारी

प्रयत्न केला. हात खिशात घालून चाललो. ती म्हणाली थांब, हा थांबला नाही, माझ्याकडे वळून बघत राहिला. तिचा पाय गटारीच्या चिखलात गेला, घोट्यापर्यंत. चप्पल मी शोधून दिली. "आज काय झालं याला?" ती म्हणत होती. "काल तर सगळं नीट करत होता."

हात खिशातून काढला.

अजून अडीच महिने आहेत.

२ मार्च

मोहिनी मॅडम १६ तारखेला स्वतः येणार. शेवटची परीक्षा. वृषाली आणि मका, घर ते भाजीबाजार, मधला मोठा रस्ता ओलांडून, आणि परत. मॅडम वीस पावलं मागे. मी घरात थांबायचं.

कलाबाईला मी विचारलं, तुला काय वाटतं, जमेल? ती डाळ निवडत होती. म्हणाली, "तुम्हालाच माहीत. तुम्हीच तर सगळं करता."

१६ मार्च

वृषालीचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. कपाळाला तीन टाके. बाकी ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

रिक्षावाला वेगात होता. चौकात इतक्या वेगानं रिक्षा आणतात का? पोलिसात तक्रार द्यायला पाहिजे. वृषाली नको म्हणते.

मका ठीक आहे.

१७ मार्च

आज काही नाही.

१९ मार्च

खोटी नोंद ठेवायची तर वही कशाला ठेवायची. लिहितो.

मी घरात थांबलो नाही. दुसऱ्या गल्लीतून चौकात गेलो आणि उभ्या टेम्पोच्या आड राहिलो, डोक्याला रुमाल बांधून. नुसतं बघायचं होतं. दोघं येताना दिसली. छान चालत होती. मका दर थोड्या अंतरावर मान फिरवून मागे बघत होता, पण चालत होता. वृषालीची मान ताठ होती. तिनं केस वेगळे बांधले होते त्या दिवशी.

रस्त्याच्या कडेला ती थांबली, कान दिला, म्हणाली पुढे. दोघं उतरली. निम्म्या रस्त्यात आली तोवर डावीकडून एक रिक्षा वळली. लांब होती. ती आपली चालत राहिली असती तर सहज पलीकडे गेली असती. पण माझा पंजा वर गेला. थांब.

मक्यानं मला केव्हाच हेरलं होतं. त्यानं पंजा पाहिला आणि थांबला. नुसता थांबला नाही, खाली बसला, शिकवल्यासारखा, भर रस्त्यात. वृषाली म्हणाली, "पुढे." मग ओरडली, "पुढे, मका, पुढे." तो माझ्याकडे बघत बसून राहिला. रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला, तरी पुढचं चाक तिला लागलंच.

मी धावलो. ती डांबरावर पडली होती, हात अंगाखाली. आणि मका माझ्याभोवती शेपूट हलवत होता. बरोबर केलं ना, असं विचारत माझा पंजा चाटत होता.

मोहिनी मॅडमनी सगळं पाहिलं होतं. दवाखान्यात, वृषालीचं प्लास्टर चालू असताना त्यांनी मला विचारलं, "काका, हाताचा इशारा त्याला कुणी शिकवला?" हळूच विचारलं, पण वृषाली तिथेच होती.

"कुठला इशारा?" वृषालीनं विचारलं.

कलाबाई भिंतीकडे बघत होती.

"नाना, कधीपासून?"

मी म्हटलं, "तुला उमेद यावी म्हणून."

"बँकेत पण?"

मी हो म्हटलं.

२१ मार्च

आज वृषाली माझ्याशी बोलली. सकाळी ओट्यावर. मका माझ्या पायाशी होता, मी त्याला आत हाकललं तरी परत आला.

"तुम्ही आयुष्यभर सांगितलंत, कुणापुढे वाकायचं नाही, कुणाच्या तालावर नाचायचं नाही. आणि मला चार महिने बोटावर नाचवलंत. कुत्र्यासोबत मलाही. मी बसमध्ये तुम्हाला काय बोलले ते आठवतं?"

"आठवतं."

"तुम्हाला तेव्हा हसू आलं होतं का?"

"नाही गं, पोरी."

"मला दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं."

मग ती आत गेली आणि कपाटातून घडीची पांढरी काठी काढून आणली. एका हातानं झटकून सरळ केली, सराईतासारखी. नोव्हेंबरपासून शिकतेय ती. ललित सर म्हणून आहेत, त्यांना स्वतःलाही दिसत नाही, ते शिकवतात. मंगळवार आणि शुक्रवार. तळहाताचा फोड काठीचा होता. कलाबाई तिला तिथे सोडून बाहेर झाडाखाली दोन-दोन तास बसून राहायची.

कलाबाईला मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही पण गेला असता शिकायला."

बत्तीस वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती.

२ एप्रिल

मोहिनी मॅडम मक्याला घेऊन गेल्या. म्हणाल्या, कुत्रा हुशार आहे, सहा महिने तुमच्यापासून लांब राहिला की दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. मी विचारलं, मधून भेटायला येऊ का पुण्याला, राजदीप तिथेच असतो.

"नको, काका. तुम्ही दिसलात की तो पुन्हा तुमच्याकडेच बघेल."

गाडीत चढायला तो तयार नव्हता. माझ्याकडे बघत होता. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच सांगा त्याला आता." मी दोन बोटं हलवली. तो चढला.

वृषाली दारात आली नाही.

२९ एप्रिल

प्लास्टर काढलं. मनगट थोडं वाकडं जुळलंय. चालेल म्हणाली.

४ मे

वृषाली धुळ्याला गेली. देवपुरात खोली घेतलीय, बँकेतलीच मयुरी नावाची मुलगी सोबत आहे. सोडायला कलाबाई गेली. मी बॅग रिक्षात ठेवली. "येते नाना," म्हणाली आणि अंदाजानं वाकली. मी तिचा हात धरून पायापर्यंत न्यायला गेलो, तोवर तिनं नमस्कार करून हात काढून घेतला होता.

१५ मे

घरात करण्यासारखं काही नाही. उन्हानं बाहेर निघवत नाही. रोज आठ वाजता तिचा आईला फोन येतो. स्पीकर लावत नाही कलाबाई. बोलणं झालं की मला सांगते, बरी आहे.

२७ मे

जामनेरला पुनाकडे जातो असं कलाबाईला सांगितलं. पुना माझ्या जुन्या दवाखान्यातला, त्याच्याकडे जाणं येणं आहे, तिला खरं वाटलं. पाचची बस धरली ती धुळ्याची.

नऊला देवपुरात तिच्या खोलीसमोरच्या टपरीपाशी उभा होतो. नऊ वीसला वृषाली निघाली. एकटी. अंगावर निळा ड्रेस, तो मी पाहिलेला नव्हता. काठी डावीकडे, उजवीकडे, एका लयीत. मी मागे, पंधरा पावलांवर. वाटेत एक हातगाडी आडवी होती, काठी चाकाला लागली, ती वळसा घालून गेली. पुढे रस्ता खणलेला होता. तिनं काठीनं कड शोधली आणि कडेकडेनं गेली. मोठ्या रस्त्याला थांबली तर एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "ताई, सोबत येऊ?" ती म्हणाली, "पलीकडे जाईपर्यंत ये." त्या मुलीचा कोपर धरला, पलीकडे गेल्यावर सोडला, दोघी काहीतरी बोलून हसल्या.

बँकेच्या अलीकडे एक बोळ आहे. तिथे माणसं नव्हती. मध्यावर ती थांबली. मीही थांबलो.

मान न वळवता ती म्हणाली, "मागे कोण आहे?"

मी रुमाल तोंडावर धरला.

"जे कुणी असेल त्यांनी पुढे जा. मागे कुणी चाललं की मला माझा अंदाज येत नाही."

ती भिंतीला लागून उभी राहिली, काठी अंगाशी घेतली, वाट दिली. बोळ अरुंद. मी तिच्या अगदी जवळून गेलो, श्वास धरून. कपाळावर टाक्यांची खूण दिसली. कोपऱ्यावर जाऊन मागे बघितलं तर अजून तिथेच उभी होती, मी गेलो याची खात्री करून घेत. मग निघाली. मी एका दुकानाच्या फळीआड झालो. बँकेचा गार्ड तिला बघून उठला, ती त्याला काही म्हणाली, तो हसला, ती आत गेली.

ओळखलं नसावं. पायात नवीन चप्पल होती माझ्या, चालण्याचा आवाज वेगळा येतो.

दोन वाजता घरी आलो. कलाबाईनं ताट वाढलं. मी पुनाच्या घरचं काहीबाही सांगायला लागलो. ती ऐकत होती. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "दुपारी वृषालीचा फोन आला होता. विचारत होती, नाना नीट पोचले का."

मी घास ताटात परत ठेवला.

विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"मी म्हटलं, आले की तुला फोन करायला सांगते." कलाबाईनं भाकरीचा डबा बंद केला. "तर म्हणाली, नको."